चव्वेचाळीस टोकं

तुमच्यापैकी कुणी गिटार घेऊन परदेशी गेलं असेल, तर पहिल्याच कोरड्या ऋतूत हा अनुभव आला असेल. डावा हात नेकवरून खाली सरकवला की तर्जनीच्या बाजूला करवतीचे दात लागावेत तसं खरचटतं. मिनेसोटात हे हीटरमुळे होतं, दुबईत एसीमुळे. मला ते सलालाहमध्ये झालं, जानेवारीत.

सलालाह म्हटलं की सगळ्यांना हिरवे फोटो आठवतात. साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर इथे खरीफ असतो. समुद्रावरून धुकं येतं, भुरभुर पाऊस पडतो, मागचे डोंगर थेट कोकणासारखे दिसतात आणि रस्त्याकडेला शहाळी मिळतात. (आपला खरीप हंगाम आणि हा खरीफ, शब्द एकच. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू.) पण हिवाळ्यात वारा फिरतो आणि उत्तरेच्या वाळवंटावरून यायला लागतो. लॅबमधून आणलेला आर्द्रतामापक ऑगस्टमध्ये ९०च्या आसपास होता, जानेवारीत एका सकाळी तो २४ दाखवत होता. ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि गिटारच्या नेकला दोन्ही बाजूंनी काटे आले.

कारण साधं आहे. पावसाळ्यात फुगून घट्ट बसणारं गावाकडचं दार आठवतंय ना? त्याच्या उलट. गिटारची पट्टी लाकडाची, माझ्या गिटारची शिसवी. लाकूड वाळलं की लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. तिच्यात ठोकून बसवलेले फ्रेट, म्हणजे सतारीला असतात तसे पडदे, धातूचे. हवा कोरडी झाली म्हणून ते आटत नाहीत. पट्टी एका टोकाला ४३ मिलीमीटर रुंद, दुसऱ्या टोकाला ५६. तिच्यात पाव मिलीमीटरचा फरक पडला तरी हाताला पुरतो. २२ पडदे, ४४ टोकं.

गिटार मी २००९ साली पुण्यात बी.एस्सी.ला असताना शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतली. अण्णा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "एवढ्यात सेकंडहँड एम-एटी आली असती." त्यानंतर पंधरा वर्षांत त्यांनी गिटारचा विषय काढला नाही आणि मीही नाही. पीएच.डी. झाली, मग एकेक वर्षाचे करार सुरू झाले, आणि आमचे फोन "जेवलीस का", "थंडी आहे का", "करार वाढला का" एवढ्यावर आले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नसायचं, म्हणून मी फोन लवकर ठेवायची.

गिटार दुरुस्त करणारं सलालाहमध्ये मला कुणी सापडलं नाही. मस्कत हजार किलोमीटर. आधी सगळे सांगतात तो उपाय केला. ओला स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून गिटारच्या केसमध्ये दोन आठवडे ठेवला. निम्मा फरक पडला. तुम्हीही आधी हेच करा, कारण घासलेला धातू परत येत नाही. तरीही टोचत असेल, तर मात्र कोरड्या दिवसांतच घासा. लाकूड सगळ्यात जास्त आटलेलं असताना टोकं बरोबर केली, तर ती पुन्हा बाहेर येणार नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगलं तर टोकं केसभर आत जातील, त्याचा काही त्रास नाही.

सनाइयातल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक चपटी कानस आणि बारीक कानशींचा संच आणला. मग पहिल्यांदाच स्वतःचं काम घेऊन अण्णांना फोन केला. अण्णा कोल्हापूरच्या आयटीआयचे फिटर. तिथे सुरुवातीचे कित्येक महिने लोखंडाचा एक तुकडा घासून काटकोनात आणायचा, बाकी काही नाही. पुढे ३४ वर्षं शिरोली एमआयडीसीत.

गिटार ऐकून ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "पडदे कसले हायत? पितळी?"

"निकेल सिल्व्हर म्हणतात."

"म्हंजे जर्मन सिल्व्हर. आजीचा डबा व्हता की त्याचा." बरोबर. तांबं, जस्त आणि निकेल. चांदीचा अंशही नाही. पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे कानस लवकर कापते आणि चूकही लवकर होते.

तारा काढल्या. पडद्यांमधल्या लाकडावर मास्किंग टेप लावली, पिकअपवरही लावली. हे विसरू नका, कारण पडद्याचा भुगा चुंबकाला चिकटत नाही, पण शेवटी स्टील वूल वापरलंत तर त्याचे कण जन्मभर चिकटून राहतात. मग अण्णांच्या सूचना. कानशीला खडू चोळ, म्हणजे दातांत भुगा भरत नाही. "फुडं ढकलताना कापती, मागं येताना उचलायची. वढत आणलीस तर दात मरत्यात." चपटी कानस नेकच्या कडेला लांबीच्या दिशेनं धरायची, चार-पाच पडदे एकदम तिच्याखाली येतात. लाकडाला टेकली की थांबायचं. नंतर कानस जराशी कलती करून टोकांना उतार द्यायचा.

व्हिडिओत त्यांना काही नीट दिसेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दोन वर्षं पुढे ढकलतायत. शेवटी म्हणाले, "दावू नगंस. आवाज ऐकव." मी फोन गिटारशेजारी ठेवला. त्यानंतर ते फक्त ऐकत होते. "जोर जास्त हाय." "आता बराबर." "थांब, लाकडाला लागली." आणि खरंच लागली होती.

खरं किचकट काम पुढे असतं. उतार दिल्यावर प्रत्येक टोकाला दोन कोपरे उरतात, ते बारीक कानशीनं एकेक करून गोल करायचे. सातव्या पडद्याला माझी कानस घसरली आणि लाकडावर ओरखडा पडला. आवाजावरून त्यांना कळलं. "कानशीची एक कड दगडावर घासून गुळगुळीत कर आधी. ती कड लाकडाकडं ठेवायची." हे आधी का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले, "फिटरला सांगाय लागत नाही." ओरखडा अजून आहे.

४४ टोकांना चार शुक्रवार लागले. एकदा मध्येच ते म्हणाले की मिरजेच्या सतारीला ही भानगड नाही, तिचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, लाकूड हललं तर हलू दे. मिरजेत ही वाद्यं करणारी घराणी शिकलगारांची. हत्यारांना धार लावणारी माणसं पुढे सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. अण्णा कधीतरी तिथे कुणाच्या तरी कारखान्यात तासभर बसले होते म्हणे. मला हे पस्तिसाव्या वर्षी कळलं.

शेवटी ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५००चा, आणि तेलाचा हात. तपासणी अण्णांच्या पद्धतीनं: कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा, तंतू जिथे अडकेल तिथे बर राहिली आहे. तीन ठिकाणी अडकला, ती काढली. मग हात वरपासून खालपर्यंत सरकवला. काही लागलं नाही.

नव्या तारा चढवून दोन मिनिटं वाजवलं. फोन चालूच होता. अण्णा म्हणाले, "आता आवाज बरा येतोय." गिटारचा की माझ्या कानशीचा, ते मी विचारलं नाही.

करार वाढला का, ते अजून कळलेलं नाही. त्यांनी चारही शुक्रवारी विचारलं नाही. पाचव्या शुक्रवारी घासायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी फोन करायला जरा उशीर केला, तर त्यांचाच आला. जेवलीस का वगैरे झालं. मग म्हणाले, "तिकडं आनी कुनाकडं गिटार हाय का गं?"