पायांनाही काम हवं

जुन्या संगीत नाटकांतला ऑर्गनवादक पायांनी भाता चालवायचा, म्हणून वाजवायला त्याचे दोन्ही हात मोकळे असत. रास अल खैमातल्या आमच्या दिवाळी पहाटेच्या तालमीत माझे दोन्ही हात पेटीत गुंतलेले. लॅपटॉपवरच्या तानपुऱ्याचा सूर बदलायला उरतात पायच.

काकांची पट्टी काळी एक, त्यांच्यानंतर गाणाऱ्या मुलीची काळी पाच. तानपुरा वेळेवर बदलला नाही, तर पहिल्यांदाच स्टेजवर आलेली ही पोर सूर शोधत राहते.

तुम्हीही फूट कंट्रोलर घेणार असाल, तर हे बघा. १९८३ पासूनच्या मिडीत संदेशांचे प्रकार वेगवेगळे असतात. माझा कंट्रोलर ‘प्रोग्राम चेंज’ पाठवतो, सॉफ्टवेअरला ‘कंट्रोल चेंज’च कळतो. मध्ये भाषांतर करणारं छोटं सॉफ्टवेअर बसवा: प्रोग्राम २ आला, की पुढे कंट्रोल २०, किंमत १२७ जाऊ दे. आधी प्रत्येक संदेश पडद्यावर तपासा; काही यंत्रं ० पासून मोजतात, काही १ पासून.

परवा बटण दाबलं, काळी पाच लागली, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी गाणं तिने माझ्याकडे न बघता सुरू केलं.

तुमच्या मुलांची पट्टी कळवा. दोन बटणं अजून रिकामी आहेत.