खोक्यातले चार दिवस

टपालानं झाड पाठवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वाटेत त्याला पाणी कोण घालणार?" पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीच्या पुढं आमची नर्सरी आहे. समोर उभं राहून रोप निवडणारं गिऱ्हाईक हेच विचारतं आणि नागपूरहून फोनवर मोगरा मागवणारंही हेच विचारतं. माझ्या उत्तरावर फारसा कुणाचा विश्वास बसत नाही. वाटेत तहानेनं मेलेली रोपं थोडी; बहुतेक मरतात ती ओलीनं, उकाड्यानं आणि हादऱ्यांनी. नव्या पोरीला पॅकिंगला बसवलं की टेप मारायला ती एका दुपारी शिकते. हातातली झारी खाली ठेवायला मात्र तिला महिना लागतो.

खोकं बंद झालं की रोपाची रात्र सुरू होते आणि ती तीन-चार दिवस संपत नाही. उजेड नाही म्हणजे अन्न तयार होणं बंद. पानांवरची रंध्रं मिटतात, आतली हवा दमट होते, त्यामुळं पाणी उडून जाणं एकदम कमी होतं. श्वसन मात्र चालूच राहतं. साठवलेली साखर जळत राहते, आणि तापमान १० अंशांनी चढलं की जळण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांत जे रोप चार दिवस निभावून नेईल, ते पत्र्याच्या गोदामात ३५ अंशांत दोन दिवसांत हात टेकतं. त्यातून माती पाणी गळेस्तोवर भिजवलेली असेल तर मुळांना हवा मिळत नाही, कागद ओला होतो आणि ओल्या कागदाला चिकटलेलं पान काळं पडतं. असं खोकं उघडलं की आधी वास येतो, मग झाड दिसतं.

दुसरा शत्रू दिसत नाही. आंब्याची आढी लावतात तेव्हा पेंढ्यात झाकलेली फळं आपणच सोडलेल्या इथिलीन वायूनं एकमेकांना पिकवतात. हवाबंद खोक्यात रोपाचीच आढी लागते. मोडलेली फांदी, पिवळं पान, उमललेलं फूल, सगळी इथिलीन सोडतात. तो साचला की जास्वंद, बोगनवेल, फायकस यांची हिरवीगार पानं देठापासून सुटतात. मे महिन्यात तर त्याच गाडीत शेजारी हापूसच्या पेट्याही असू शकतात. मग फोटो येतो: काड्या उभ्या, पानं तळाशी, खाली एक शब्द, 'मेलं'. ते मेलेलं नसतं. फांदीची साल नखानं जराशी खरवडावी. आत हिरवं दिसलं तर दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतात. हे फोनवर पटवून देणं पॅकिंगपेक्षा अवघड.

झाडाच्या प्रवासाचा प्रश्न आजचा नाही. शिडाच्या जहाजांवर खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बहुतेक रोपं दगावत. लंडनमधल्या नॅथनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं १८२९च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली. त्याच मातीतून एक नेचा उगवला आणि बाहेरून पाणी न घालता जगला. १८३३मध्ये त्यानं काचेच्या बंद पेट्यांतून रोपं थेट सिडनीला पाठवली आणि ती पोचली. पुढं रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. एवढं सगळे सांगतात. मला त्यापेक्षा क्लेमेंट्स मार्कहॅमची फसलेली खेप महत्त्वाची वाटते. हिवतापावरच्या क्विनीनसाठी सिंकोनाची रोपं त्यानं १८६०मध्ये पेरूहून काढली. इंग्लंड, तांबडा समुद्र, मुंबई असा वळसा घेत ती निलगिरीत गेली. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात त्या बंद काचेच्या पेट्या भट्ट्या झाल्या आणि ती खेप हातची गेली. पुढच्या वर्षी रॉबर्ट क्रॉसनं इक्वेडोरहून आणलेली दुसऱ्या जातीची रोपं उटीला जिवंत पोचली, आणि निलगिरीतल्या लागवडीला खरी सुरुवात झाली. बंद पेटी पाणी वाचवते, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आमच्या खोक्याला भोकं असतात आणि मार्चनंतर ती वाढतात.

आता एक मोगरा बांधून दाखवते.

तयारी दहा-बारा दिवस आधी सुरू होते. रोप शेडनेटच्या गर्द सावलीतून काढून जरा उघड्यावर ठेवायचं, नत्राचं खत थांबवायचं, पाणी हळूहळू लांबवायचं. याला आम्ही रोप कणखर करणं म्हणतो. खत खाऊन लुसलुशीत झालेलं रोप दुकानात छान दिसतं आणि खोक्यात सगळ्यांत आधी झोपतं. निघायच्या आदल्या सकाळी शेवटचं पाणी. दुसऱ्या दिवशी माती हाताला गार लागली पाहिजे, पण मुठीत दाबल्यावर पाणी सुटता कामा नये. मग पानाची मागची बाजू बघायची. पिठ्या ढेकूण, लाल कोळी, खवले कीड, काहीही दिसलं तर ते रोप बाजूला. बंद खोक्यात किडीला शत्रू नसतो, आणि आपण ती दुसऱ्याच्या बागेत पोस्टानं पोचवतो.

फुलं आणि कळ्या खुडायच्या. इथं नवी पोर हमखास थबकते. गिऱ्हाइकाला कळी पाहिजे असते, हे खरं. पण खोक्यात कळी टिकत नाही, ती गळते, कुजते आणि वायू सोडते. कोवळे शेंडेही काढायचे. मग हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा. पिशवीतला हा गोळा फुटला की बारीक पांढरी मुळं तुटतात, आणि पाणी ओढतात ती तीच. म्हणून पिशवी काढायची नाही. वरच्या मातीवर ओलसर कोकोपीटचा पातळ थर, त्यावर कागद, आणि बुडख्याभोवती स्ट्रेच फिल्मचे दोन-तीन घट्ट वेढे. खोकं उलटं झालं तरी चमचाभर माती सांडता कामा नये. फिल्म फक्त मातीला. पानाला प्लॅस्टिक लागलं की आत पाणी सुटलंच.

पानांना वर्तमानपत्र. कागद खालून वर गुंडाळत न्यायचा म्हणजे फांद्या आपल्या कलानं वर मिटतात. वरून खाली ओढला तर बेचक्यांत मोडतात. वर्तमानपत्राचा कागद दमटपणा शोषतो आणि हवा जाऊ देतो. चकचकीत रंगीत पुरवणी बाजूला काढायची, ती काहीच शोषत नाही. (मराठी पेपर घालण्याचा एक फायदा अनपेक्षित निघाला: रोप बाहेर काढल्यावर बेंगळुरूच्या एक आजी आमच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. अर्धवट सोडवलेलं पाठवू नका, अशी त्यांची तक्रार आहे.) बाजूला खोक्याच्या उंचीची बांबूची कामटी. वर दुसरी पार्सलं लादली तर भार कामटीनं घ्यायचा, शेंड्यानं नाही. शेवटी पिशवी तळाशी जखडायची: खोक्याला दोन्हीकडून भोक पाडून सुतळी पिशवीवरून ओढून बाहेर गाठ. बांधून झालं की खोकं कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायचं आणि कानाशी धरून हलवायचं. आत खुळखुळ ऐकू आली तर पुन्हा उघडायचं. 'वरची बाजू' दाखवणारा बाण आम्ही छापतो, पण त्यावर विसंबत नाही. ते खोकं वाटेत कधीतरी आडवं पडणार, उलटंही होणार, असं धरूनच बांधायचं.

चिकण मातीबद्दल लोक फार चिडतात. "एवढं महागाचं रोप आणि मुळाशी ढेकूळ?" आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमला नर्सऱ्यांचं मोठं आगर आहे, तिथून ट्रकच्या ट्रक भरून रोपं आपल्याकडं येतात, गोदावरीच्या गाळमातीचा गोळा घेऊन. ती माती वाढीसाठी नसते, प्रवासासाठी असते: शेकडो किलोमीटर हादरे खाऊनही हुंडी फुटत नाही. कोकोपीट हलकं, निचऱ्याचं, पण पकड कमी. आमचं मिश्रण दोन्हींच्या मधलं आहे, आणि त्यामागं झाडाइतकाच हिशेब कुरिअरचा आहे. कुरिअरवाला वजन दोन प्रकारे काढतो: काट्यावरचं आणि आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,०००नं भागतात, आणि दोन्हींतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. १५ बाय १५ बाय ५० सेंटिमीटरच्या खोक्याचं असं वजन सव्वादोन किलो होतं. तेच खोकं २५ बाय २५ केलं तर सव्वासहा. आत मोगरा तोच, दीड किलोच्या आतला. पसरट, डेरेदार झाड टपालानं महाग पडतं ते यामुळं.

काही झाडं बांधणीच्या या शास्त्राला धूप घालत नाहीत. अडेनियम मातीशिवायच पाठवावं: मुळं धुऊन, आठवडाभर सावलीत सुकवून, कोरड्या कागदात. त्याच्या फुगीर बुंध्यात पाण्याचा साठा असतो. घरी आल्यावर ते कोरड्या मिश्रणात लावून चार-पाच दिवस पाणी द्यायचं नाही. लोक लगेच देतात आणि बुंधा मऊ पडतो. कमळाचा कंद याच्या अगदी उलट, तो ओल्या कागदात प्लॅस्टिकच्या पिशवीतच जातो, आणि त्याचं टोक मोडलं की कंद वाया. निशिगंधाचे कंद बिनतक्रार जातात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर परदेशातून खोक्यातून आलेली असते: कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणांहून मातृरोपं थंड पेट्यांत, उघड्या मुळांनी येतात, पावसाळ्यात त्यांच्यापासून धावती खोडं वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण होते. तिथं सगळी मदार थंडीवर असते, श्वसन जवळजवळ थांबवण्यावर.

परदेशातल्या मराठी घरांतून दरवर्षी कढीपत्त्याची मागणी येते. मी नाही म्हणते. परदेशात रोप पाठवायचं तर मुळाला मातीचा कण चालत नाही आणि सरकारी रोगमुक्ततेचा दाखला लागतो. अमेरिकेत कढीपत्त्याला तर साफ मनाई आहे. तो लिंबूवर्गीय कुळातला. त्यावर जगणारी सिट्रस सायला ही कीड संत्र्या-मोसंब्यांना ग्रीनिंग रोग देते. आपल्या बॅगेतून लपवून नेलेली एक काडी कुणाची तरी बाग उद्ध्वस्त करू शकते. देशातही सगळं मोकळं नाही. १९१४च्या कीड-रोग कायद्याखाली केळीच्या मोझॅक रोगासाठी महाराष्ट्र आणि गुजरातमधून केळीची रोपं बाहेर नेण्यावर निर्बंध आले, ते यासाठीच.

दिवस निवडणं हाही पॅकिंगचाच भाग आहे. आम्ही सोमवार ते बुधवार माल सोडतो. शुक्रवारी दिलेलं पार्सल रविवारभर गोदामात पडतं. मेमध्ये पानांची झाडं बंद. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडं अडेनियम बंद, तिकडं थंडी असते आणि धुक्यानं गाड्याही रखडतात. एका कुरिअर कंपनीनं आमची पार्सलं सलग सुट्ट्यांत गोदामात ठेवून नंतर 'पत्ता सापडला नाही' असा शिक्का मारून परत पाठवली होती. तेव्हापासून सणाच्या आठवड्यात माल सोडायचाच नाही, असा नियम आहे.

दिवाळीचा आठवडाही त्यातच आला. भाऊबिजेला बहिणीला रोप पाठवायची कल्पना चांगली आहे, पण ऑर्डर तुळशीच्या लग्नानंतर द्या. तेव्हा गोदामं रिकामी होतात आणि हवाही रोपाच्या बाजूची असते. खोकं आलं की त्याच दिवशी उघडा. टेप कापताना ब्लेड खोल जाऊ देऊ नका. कागद, फिल्म सोडवा, मातीला हात लावून बघा आणि कोरडी असेल तरच पाणी द्या. तीन-चार दिवस उजेड असलेल्या सावलीत ठेवा, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. आठवडाभर कुंडी बदलू नका, महिनाभर खत देऊ नका. आणि काही बिघडलेलं दिसलं तर खोकं उघडतानाच फोटो काढा. आठ दिवसांनी काढलेल्या फोटोवरून दोष आमच्या बांधणीचा की तुमच्या गच्चीवरच्या उन्हाचा, हे मलाही सांगता येत नाही.