तोरणा आणि बीजगणित

भोर व वेल्हे या मुलखात ज्या घरी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे, त्या घरी एक वाक्य वर्षातून दहा वेळा तरी उच्चारले जाते : "तुझ्या वयात महाराजांनी तोरणा घेतला!" हे वाक्य आम्ही आमच्या तीर्थरूपांकडून ऐकले आणि, सांगण्यास संकोच वाटतो, पुढच्या पिढीसही ऐकविले. गेल्या कार्तिकापासून मात्र ते पुन्हा तोंडावाटे काढण्याचे धैर्य आम्हांस उरलेले नाही.

आमचे कुटुंब एकत्र. भोरातील जुन्या वाड्यात आम्ही व आमचे धाकटे बंधू मुलाबाळांसह नांदतो. सहामाही परीक्षेचा निकाल लागला आणि पुतण्यास बीजगणितात अवघे चौदा गुण पडले. बंधूंनी भर पंक्तीत ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारून वर जोड दिली, "आणि तुला साधे बीजगणित सर होईना!" आम्ही हसलो. ते हसणे आम्हांस अद्याप टोचते. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाचे अंथरूण रिकामे, फोन घरीच, आणि उशाखाली चिठी : "तोरण्यास जातो." परत कधी येतो, याविषयी एक अक्षर नाही.

ते अक्षर का नाही, या विचाराने घरातील बायकांच्या तोंडचे पाणी पळाले. आम्ही व बंधू लागलीच निघालो. नसरापूर मागे पडले तरी बंधू गप्पच होते. मार्गासनीच्या सुमारास ते एकदम म्हणाले, "दादा, हा तान्हा असताना याला नुसती शिंक आली तरी पाच जणी सांगायला धावायच्या. आता याचे काय करावे, हे विचारायचे तरी कोणाला?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. बाळंतिणीस सल्ला देणारी माणसे प्रत्येक घरी असतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बापास मात्र सगळे दोषच देतात.

तोरण्याची उंची १,४०३ मीटर; पुणे जिल्ह्यात याहून उंच किल्ला नाही. वेल्ह्याहून चढून, बिनी व कोठी हे दरवाजे ओलांडून आम्ही धापा टाकीत मेंगाई देवीच्या देवळापाशी पोहोचलो, तो चिरंजीव तेथे बसलेले! बंधूंनी तोंड उघडण्यापूर्वी आम्ही त्यांचा हात दाबला. ते मुलाशेजारी बसले. दशम्यांची पुरचुंडी सोडली. कितीतरी वेळाने मुलगा म्हणाला, "बाबा, मला इथवर येता येते का, एवढेच बघायचे होते."

उतरताना तो बोलू लागला. रात्री बारापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. आवाज फुटल्यापासून वर्गात उभे राहिले की मुले हसतात. म्हणून उदाहरण अडले तरी तो गुरुजींना विचारीत नाही. चौदा गुणांचे मूळ हे होते! आणखीही एक गोष्ट त्याने खाली मान घालून विचारली. ती या वयात मुलांच्या वाट्यास सहजच येते. पण त्यास तो भयंकर रोग वाटला होता आणि चार महिने तो एकटाच भीत होता. एका वाड्यात इतकी माणसे असून तो एकटा!

त्यानंतर आम्ही डॉक्टरांस गाठले व वाचनही केले. या वयात मेंदूतील झोपेचे घड्याळच तास-दोन तास पुढे सरकते. तो आळस नव्हे. झोप मात्र आठ ते दहा तास हवीच. कंठ वाढतो म्हणून आवाज फुटतो व काही महिन्यांनी स्थिरावतो. सारासार विचार करणारा मेंदूचा भाग पक्व होण्यास पंचविशी उजाडते. मुली साधारणपणे वर्ष-दोन वर्षे आधी वयात येतात. तेव्हा त्यांच्याशी बोलणे त्याच्याही आधी व्हावयास हवे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून १९२७ ते १९५३ पर्यंत शरीरधर्माविषयी स्वच्छ मराठीत लिहिले. आणि आम्ही अद्याप कुजबुजतो आहोत!

विचारण्यास जागा नाही, असेही नाही. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांतून त्याची 'मैत्री' केंद्रे आहेत. मन फारच खचले, तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस'च्या समुपदेशकांशी मराठीत विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक मुलांप्रमाणेच आईबापांसाठीही आहे. 'पालकनीती' हे मासिक १९८७ पासून याच विषयास वाहिलेले आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने वेल्ह्याच्या बाजूस किशोरवयीन मुलींसाठी काम केले आहे. परंतु यांतील कोणतीही वाट धरण्यापूर्वी घरात एक तरी माणूस असे हवे, की ज्याच्यापाशी मूल न भिता बोलेल. ती आत्या असो, काका असो वा वहिनी. एकत्र कुटुंबाचा याहून मोठा उपयोग आम्हांस दिसत नाही.

राहता राहिले ते वाक्य. सुमारे १६४६ साली तोरणा घेतला तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते, हे खरे. पण त्यांच्या पाठीशी जिजाऊसाहेब होत्या आणि मावळातील जिवास जीव देणारे सवंगडी होते. सोळा वर्षांच्या मुलावर विश्वास टाकणारी माणसे होती, हा अर्धा इतिहास आम्ही मुलांस सांगतच नाही.

वार्षिक परीक्षेस अद्याप अवकाश आहे. बीजगणित सर होईल, न होईल. मात्र रात्री जेवणे आटोपली की बापलेक नीरेच्या काठाने फिरून येतात. काय बोलतात, ते आम्ही विचारीत नाही.