कोरड्या मुलखातील पत्रावळ

मिरजेहून कवठेमहांकाळमार्गे जतकडे निघालात, की उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि माळरान, बाभळी व ज्वारीची शेते सोबतीला येतात. सांगली जिल्ह्याचा हा दुष्काळी तालुका कर्नाटकाला खेटून आहे. येथील बाजारात मराठीबरोबर कन्नडही कानी पडते. याच तालुक्यातील गुड्डापुरास कार्तिकी अमावास्येला दानम्मादेवीच्या दर्शनासाठी दोन्ही राज्यांतून भाविक पायी येतात. लिंगायत परंपरेत अन्नदानास ‘दासोह’ म्हणतात. पंगतीला बसणे हाही दर्शनाचाच भाग होय.

मात्र या मुलखात कोणत्याही मोठ्या पंगतीपुढे एक पेच उभा राहतो : ताटे धुण्यास पाणी कोठून आणावे? टँकरची वाट पाहणाऱ्या गावांनी लग्नकार्यात प्लॅस्टिकची ताटे-चमचे स्वीकारले, त्यामागे आळस नव्हे, टंचाई होती. हे जाणल्यावाचून उपदेश करू नये. राज्याने मार्च २०१८ मध्ये, तर केंद्राने १ जुलै २०२२ पासून या वस्तूंवर बंदी घातली. परंतु पाण्याचा प्रश्न बंदीने सुटत नाही.

आणि या सोयीची किंमत आपणच मोजतो. थर्माकोलच्या वाटीत कढत आमटी वाढली, की त्यातील स्टायरिन अन्नात उतरू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले आहे. कागदी पेल्यालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. उष्ट्या अन्नाच्या वासाने गुरे प्लॅस्टिक गिळतात आणि ते त्यांच्या पोटात साचून राहते. खिलार जनावरांच्या या प्रदेशाला ही हानी परवडणारी नाही.

उत्तर जुनेच आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ व द्रोण यांना धुण्याचे पाणी लागत नाही. खड्ड्यात टाकले, की त्यांचे खत होते. हैदराबादेत ज्वारीच्या पिठाचे, खाता येणारे चमचे तयार झाले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. जतच्या माणसाला त्यात नवल ते काय? तो भाकरीच्या तुकड्यानेच कोरड्यास उचलत आला आहे.

आपल्या घरच्या पुढील कार्यात पत्रावळी मांडाव्यात. चकचकीत मुलामा दिलेल्या मात्र टाळाव्यात, कारण तो मुलामाही बहुधा प्लॅस्टिकचाच असतो. यात्रेला जाताना माणशी एक स्टीलची ताटली, पेला आणि चमचा पिशवीत ठेवावा. आपले ताट राखेने घासून तांब्याभर पाण्यात विसळता येते. पाण्याचे मोल जाणणाऱ्या मुलखाकडून एवढे शिकूनच परतावे.