कच्चा अर्थ



गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी भाषाविज्ञान शिकवीत आहे. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाविषयी या काळात पुष्कळ वाचले, थोडे लिहिले आणि वर्गात तर अखंड बोललो. तरीही 'अर्थ' या शब्दाचा जो धडा माझ्या कायमचा लक्षात राहिला, तो मला ग्रंथालयात मिळाला नाही. तो एका गॅरेजमध्ये, मोटारीच्या उघड्या बॉनेटखाली मिळाला. तो देणारे गृहस्थ माझेच विद्यार्थी होते. तुमच्यासारखेच व्यवसाय सांभाळून बी. ए. करणारे. त्यांचा व्यवसाय मोटारींच्या वायरिंगचा. या पुस्तिकेसाठी स्वानुभवावर आधारलेला निबंध लिहावयाचा ठरल्यावर मला दुसरा विषय सुचला नाही.

प्रथम गाडीविषयी सांगतो. माझ्याकडे फियाट पालिओ १.६ ही जुनी मोटार आहे. २००१ साली पालिओ भारतात आली, तेव्हा सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करीत असे. तिच्या या प्रकारात १५९६ घनसेंटिमीटरचे, सोळा व्हॉल्व्हचे, सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन होते. एवढ्या लहान गाडीला एवढे इंजिन ही त्या काळी चैनच होती. व्यवहारी माणसे पेट्रोलचा हिशेब करून तिच्यापासून दूर राहिली आणि वेगाची हौस असलेली माणसे तिच्यात गुंतली. प्राध्यापकाने कोणत्या गटात असावे, हे मी जाणतो. मी दुसऱ्या गटात होतो, एवढे कबूल करतो.

अशा गाडीला वीस वर्षे झाली की तिचा पहिला कस घाट किंवा महामार्ग पाहत नाही. चौकातला सिग्नल पाहतो. माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर ठीक चाले. पण कोंडीत पाच-दहा मिनिटे उभी राहिली की तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागे. पुन्हा वेग घेतला की तो आपोआप खाली येई. या लक्षणाचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. इंजिनातले गरम झालेले पाणी रेडिएटरमध्ये येते आणि त्याच्या जाळीतून जाणारी हवा त्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरने धावत असली की ही हवा वाऱ्यानेच मिळते. पंख्याची गरज जवळजवळ नसते. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि सर्व भार पंख्यावर येतो. म्हणून गाडी उभी असताना तापत असेल तर प्रथम पंख्याकडे पाहावे. वेगात तापत असेल तर पंख्याला दोष देऊ नये. दोष तुंबलेल्या रेडिएटरचा, अडकलेल्या थर्मोस्टॅटचा किंवा पाण्याच्या पंपाचा असण्याचा संभव अधिक.

तुमच्यापैकी वयाने मोठे असलेल्यांना प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर आठवत असेल. त्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन जोरात तर पंखा जोरात. इंजिन मंद तर पंखाही मंद. म्हणजे कोंडीत, जेव्हा त्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हाच तो सुस्त. पुढे इंजिने आडवी बसविली जाऊ लागली, पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर येईना, आणि विजेचा पंखा रूढ झाला. तो इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की सुरू होतो आणि ते उतरले की थांबतो. माझ्या गाडीतल्या या पंख्याची मोटार वयोमानाने थकली होती. तो फिरत असे, पण त्याच्या फिरण्यात जीव नव्हता.

उपाय मला सोपा वाटला. मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एका मोठ्या गाडीचा ताकदवान पंखा आणला आणि जुन्याच वायरला, जुन्याच सॉकेटात स्वतःच्या हाताने जोडला. पहिल्या दिवशी त्याचा आवाज ऐकून मला फार समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी फ्यूज उडाला. मी नवा टाकला, तोही उडाला. तेव्हा मी वीस अँपिअरच्या जागी चाळीसचा फ्यूज बसविला आणि प्रश्न मिटला, असे समजलो.

त्याच आठवड्यात अभ्यासकेंद्रावर रविवारचे संपर्क सत्र होते. विषय होता लिंगवचनाची संगती. मी फळ्यावर 'काळा घोडा धावला' असे लिहिले आणि 'घोडा' पुसून 'घोडी' लिहिले. "एक शब्द बदलला," मी म्हणालो, "पण वाक्य आता उभे राहत नाही. विशेषण बदलावे लागेल, क्रियापद बदलावे लागेल. 'काळी घोडी धावली.' भाषेत एकटा शब्द बदलता येत नाही." सत्र संपल्यावर हे गृहस्थ माझ्यासोबत गाडीपर्यंत आले. पंख्याचा आवाज ऐकून ते थबकले आणि म्हणाले, "सर, पंखा मोठा टाकलात. वायर बदललीत का? फ्यूज किती अँपिअरचा आहे?"

मी काय उत्तर दिले, ते आज लिहिताना संकोच वाटतो. मी हसून म्हणालो, "तुम्ही संगतीचा स्वाध्याय आधी पूर्ण करा." ते "हो सर" म्हणाले आणि बाजूला झाले.

मे महिन्यात आईला घेऊन मी पुण्याहून साताऱ्याकडे निघालो. तिचे वय एक्याऐंशी, गुडघे निकामी. शनिवार असल्यामुळे खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागली होती. चढ, ऊन आणि वातानुकूलन चालू. पंखा सतत फिरत होता. काटा मध्यावरच होता, म्हणून मी निर्धास्त होतो. प्रथम वास आला. मला तो पुढच्या ट्रकचा वाटला. मग बॉनेटच्या कडेने धूर निघू लागला. मी गाडी बंद करून डावीकडचे दार उघडले. आईला आसनावरून फिरवून, पाय बाहेर काढून, उभे करायला एरवीही तीन-चार मिनिटे लागत. त्या दिवशीही तेवढीच लागली. ती घाई करू शकत नव्हती आणि मी तिला ओढू शकत नव्हतो. मागच्या एस. टी.चे चालक आणि वाहक धावत आले. एकाने आईला धरले, दुसऱ्याने माझ्याकडून पाना घेऊन बॅटरीची तार सोडविली. आग लागली नाही. सॉकेट वितळून एक गोळा झाला होता आणि दीड-दोन फूट वायरचे आवरण जळाले होते. आई घाटाच्या कठड्यालगत, एस. टी.तल्या कुणी दिलेल्या पिशवीवर दोन तास उन्हात बसली. ती मला काही बोलली नाही. "तू पाणी पी," एवढेच म्हणाली.

गाडी दोरखंडाने ओढून आणली ती सरळ त्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये. त्यांनी वितळलेले सॉकेट हातात घेतले, चाळीसचा फ्यूज काढून पाहिला, आणि माझी अपेक्षा होती तसे ते रागावले मात्र नाहीत. "सर," ते म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत ना? घोड्याच्या जागी घोडी आणली की वाक्य बदलावं लागतं. तुम्ही पंखा बदललात आणि वाक्य तसंच ठेवलंत."

मग त्यांनी मला शिकविले. जुना पंखा सुमारे दहा अँपिअर वीज घेत होता, नवा वीस. वीज दुप्पट झाली की वायरीतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि सुरू होण्याच्या क्षणी पंख्याची मोटार त्याहूनही कितीतरी अधिक वीज ओढते. वीस वर्षांच्या सॉकेटातल्या सैल झालेल्या पत्र्यांना हे सोसणे शक्य नव्हते. "फ्यूज पंख्यासाठी नसतो," ते म्हणाले, "वायरसाठी असतो. वायर जळायच्या आधी त्यानं जळायचं, हेच त्याचं काम. तो दोनदा सांगत होता. तुम्ही तिसऱ्यांदा त्याचं तोंड बंद केलंत."

मी आणलेला पंखाही त्यांनी बाजूला ठेवला. तो जाळीला थेट बांधलेला होता. भोवती आवरण नव्हते. साठ सेंटिमीटर लांब आणि पस्तीस सेंटिमीटर उंच जाळी धरली तर तिचे क्षेत्रफळ २१०० चौरस सेंटिमीटर होते. तीस सेंटिमीटर व्यासाचा पंखा त्यातले सुमारे ७०० झाकतो, म्हणजे एक तृतीयांश. उरलेल्या दोन तृतीयांश भागातून हवा ओढण्यासाठी पंख्याभोवती श्राउड लागते. मी ते अडगळ समजून काढून टाकले होते. त्यांनी त्याच श्राउडमध्ये बसणारा, जुन्यापेक्षा थोडा जोरकस पंखा निवडला. पात्यांचा बाक पाहून तो हवा मागे ओढणारा आहे, याची खात्री केली. कारण वायरी उलट जोडून पंखा उलटा फिरविता येतो, पण पात्यांचा बाक उलटत नाही आणि हवा पुरी मिळत नाही.

बॅटरीपासून पंख्यापर्यंत त्यांनी चार चौरस मिलिमीटरची नवी वायर टाकली, बॅटरीच्या जवळच तीस अँपिअरचा फ्यूज आणि मध्ये रिले. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे अंक असतात. "पंच्याऐंशी-शहाऐंशी हुकूम देतात, तीस-सत्याऐंशी काम करतात," ते म्हणाले. म्हणजे लहानशी वीज आज्ञा देते आणि मोठी वीज वेगळ्या वाटेने जाते. नाजूक स्विचवर भार येत नाही. हे अंक जर्मन प्रमाणातून आले आणि जगभर रूढ झाले. त्या अंकांचा आणि त्या कामांचा निसर्गतः काही संबंध नाही. सर्वांनी मानला म्हणून तो आहे. भाषिक चिन्ह यादृच्छिक असते, हे सोस्यूर यांचे प्रतिपादन मी दरवर्षी शिकवितो; असे चिन्ह बोटाने चाचपून पाहण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

सर्व जोडून झाल्यावर पंखा सुरू केला, तरी त्यांचे समाधान होईना. मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, पंख्याच्या टोकांवर मात्र १२. नवी जाड वायर असूनही दीड व्होल्टहून अधिक वीज वाटेत हरवत होती. त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी पंख्याच्या काळ्या वायरवर ठेवली. तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवे होते, दिसले १.३. ते मान वर करून म्हणाले, "सर, अर्थ कच्चा आहे."

क्षणभर मला काही कळले नाही. इंग्रजी 'अर्थ' म्हणजे जमीन आणि आपला 'अर्थ' यांचे नाते केवळ ध्वनीचे आहे. व्युत्पत्तीचे नाही, हे मी जाणतो. मोटारीला तर जमीनही नसते, चाके रबराची. तिथे 'अर्थ' म्हणजे परतीची वाट. बॅटरीतून निघालेली वीज काम करून गाडीच्या लोखंडी अंगातून परत येते आणि वर्तुळ पुरे होते. जाणारी तार आपण पाहतो, बदलतो, जाड करतो; परतीच्या वाटेकडे कोणी पाहत नाही. त्यांनी बॅटरीच्या खालचा एक बोल्ट सोडविला. त्याखाली गंज होता आणि गंजावर रंग. तो त्यांनी पत्रा चमकेपर्यंत घासला, नवी थिंबल दाबून बसविली आणि बोल्ट आवळला. पंख्याचा आवाज आमच्या कानांदेखत बदलला.

मित्रहो, त्या रविवारी मी वर्गात दीड तास बोललो होतो. त्यानंतर माझ्याकडे परत आलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांचा प्रश्न: "वायर बदललीत का?" तो नीट ऐकला असता तर आई घाटात उन्हात बसली नसती. शिकविणे म्हणजे देणे, असे मी समजत आलो होतो. परतीच्या वाटेवर गंज चढला होता आणि त्यावर पदवीचा रंग होता. त्या दिवसापासून प्रत्येक संपर्क सत्राची शेवटची वीस मिनिटे मी बोलत नाही. विद्यार्थी बोलतात आणि मी वहीत लिहून घेतो.

पुढच्या मे महिन्यात आईला घेऊन पुन्हा त्याच घाटातून गेलो. कोंडी होतीच. पंखा सुरू होई, मिनिटभर फिरे, थांबे. आईने विचारले, "हा आवाज कसला रे?" मी तिला सांगितले. घाटमाथा आला तेव्हा ती झोपली होती.

या घटकाचा स्वाध्याय लिहिताना एक करा. तुम्ही जे काम करता, मग ते शेतीचे असो, शिवणाचे असो, दवाखान्यातले असो वा गॅरेजमधले, त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाच्या शब्दांत लिहून आणा. त्या शब्दांना प्रमाणभाषेचे कपडे चढवू नका. पहिल्या संपर्क सत्रात आपण तेथूनच सुरुवात करू.