खलिफाचा जावई, वऱ्हाडचा युवराज

5 जानेवारी 1918 रोजी ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर केले, की तुर्कांकडून कॉन्स्टँटिनोपल, आशिया मायनर आणि थ्रेस हिसकावण्यासाठी आपण लढत नाही. मेसोपोटेमियात खलिफाच्याच, म्हणजे तुर्की सुलतानाच्या, फौजेसमोर उभ्या असलेल्या हिंदी मुसलमान शिपायांच्या घरच्यांना हा शब्द मोठा आधार होता. 10 ऑगस्ट 1920 च्या सेव्ह्रच्या तहात पूर्व थ्रेस ग्रीसला गेले, स्मर्ना ग्रीक कारभाराखाली गेले आणि त्या शब्दाला काडीची किंमत उरली नाही. परराष्ट्र धोरण धर्मांधतेला कसे खतपाणी घालते, हे समजून घ्यायला मला आजच्या पश्चिम आशियापेक्षा हे उदाहरण उपयोगी वाटते. लंडनचा मतदार पंतप्रधानाला जाब विचारू शकत होता. अकोल्या-अमरावतीच्या माणसाला ती सोयच नव्हती. गाऱ्हाणे मांडायला उरली मशीद, उलेमा आणि खिलाफत समिती. काँग्रेसने त्याला असहकाराची जोड दिली. टिळकांचे सहकारी, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचा असहकारालाच विरोध होता. पण डिसेंबर 1920 च्या नागपूर अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झाले.

दंगली गल्लीतल्या कारणांनी होतात, तहांनी नव्हे, असा आक्षेप येतो. खरे आहे. 1923 मध्ये नागपुरात मशिदीसमोर वाद्ये वाजवण्यावरून वाद पेटला, त्यात तुर्कस्तान कुठेच नव्हता. पण स्वयंसेवक, वर्गणी आणि धर्माच्या नावाने माणसे जमवण्याची सवय त्याआधीच तयार झाली होती. जुलै 1923 च्या लोझानच्या तहाने तुर्कांना बरेचसे परत मिळाले. 3 मार्च 1924 रोजी तुर्कांनीच खिलाफत मोडीत काढली. गाऱ्हाण्याचे मूळच गेले, तरी इथला तणाव ओसरला नाही, वाढला. दुसऱ्या बाजूनेही जमवाजमव जोरात होती. 1931 मध्ये हिंदू महासभेचे अधिवेशन अकोल्यातच भरले.

वऱ्हाडापुरता याला आणखी एक पदर आहे, तो सहसा कोणी उलगडत नाही. 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेला आणि 1902 मध्ये सालीना 25 लाखांवर कायमचा पट्ट्याने दिलेला हा मुलूख हैदराबादच्या निजामाला परत हवा होता. 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी साफ नकार दिला. 1931 मध्ये निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याचे लग्न फ्रान्समधल्या नीस शहरात पदच्युत खलिफाची मुलगी दुर्रूशेवार हिच्याशी लागले. पुढे 1936 च्या करारात इंग्रजांनी मुलूख सोडला नाहीच. खलिफाच्या या जावयाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मात्र दिला. लंडनला त्यात पदरचे काही घालावे लागले नाही. हैदराबादेत मात्र सार्वभौमत्वाचा भ्रम अशाच मानपानावर पोसला गेला आणि पुढे निजामाच्या पाठीराख्या रझाकार स्वयंसेवकांनी त्याच भ्रमापायी हिंसा माजवली. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीचे दार ठोठावले. अशी कारणे सांगितली की मारेकऱ्याला सूट मिळते, असेही म्हणतात. मला ते पटत नाही. रझाकाराच्या हातातल्या शस्त्राचा हिशेब लंडनच्या खात्यावर टाकता येणार नाही. धोरणाने वाटा अरुंद होतात, पण सगळे एकाच वाटेने जात नाहीत. त्याच हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध उघड लिहीत होते, आणि त्यापायी त्याच ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला.