प्रायमस घेतलेला बोका

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात बिऱ्हाडं सहा आणि नळ एक. पहाटे बादल्यांची रांग लागायची, आणि कुणाची बादली कुणी सरकवली यावरून निघालेलं भांडण मागच्या पिढीच्या उधारीपर्यंत जाऊन पोहोचायचं. म्हणून असेल, पण मिखाईल बुल्गाकोव्हची ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ वाचताना मला सैतानाच्या आधी ओळखीची वाटली ती सादोवाया रस्त्यावरची इमारत. तिथे राहणारा संपादक बर्लिओझ ट्रामखाली सापडतो, आणि दोन तासांत त्याच्या रिकाम्या खोल्यांसाठी ३२ अर्ज येतात. मी पुस्तक मिटून तसाच बसलो.

त्यातला बेगेमोट हा डुकराएवढा काळा बोका प्रायमस दुरुस्त करत बसलेला असतो. हे वाचलं आणि मला रॉकेलचा वास आला. आमच्या ओसरीवर आई गुडघा टेकून स्टोला पंप मारायची, पिन घालायची, पिवळी ज्योत निळी होईपर्यंत मान वर करायची नाही. बोलणारा बोका मी एका क्षणात खरा मानला, कारण त्याच्या हातातली वस्तू खरी होती.

रशियन मला येत नाही. पहिल्यांदा हाती आला तो मिरा गिन्सबर्ग यांचा १९६७चा इंग्रजी अनुवाद. ‘मॉस्क्वा’ मासिकात १९६६-६७ साली छापलेल्या, सेन्सॉरने कापलेल्या संहितेवरून तो केलेला होता. पुढे पूर्ण अनुवाद मिळाला, तेव्हा त्यात इमारतीच्या समितीचा अध्यक्ष निकानोर इव्हानोविच याचं स्वप्न सापडलं: एक नाट्यगृह, आणि त्यात दडवलेलं परकीय चलन काढून द्यायला बसवून ठेवलेली माणसं. पहिल्या वाचनात हे स्वप्न नव्हतंच. वाईट याचं वाटलं, की काही राहून गेलंय असं तेव्हा मला पुसटसंही जाणवलं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याला बडकस चौकात उभं राहिलं की ही कादंबरी मला हटकून आठवते. पुतळ्यांच्या मिरवणुकीत काळी मारबत येते, पिवळी येते, मागून बडगे. महागाईचा बडग्या, लाचखाऊचा बडग्या, त्या वर्षी जो कुणी लोकांच्या डोळ्यांत खुपला असेल त्याचा बडग्या, छातीवर पाटी लावून. इडापिडा घेऊन जा, असं सारं गाव ओरडून सांगतं. अमंगळाला देह द्यायचा, भर उन्हात गावभर फिरवायचं आणि जाळायचं, हे आम्हाला १८८०च्या दशकापासून ठाऊक आहे. मग कादंबरीतल्या सैतानाची, वोलंडची, मॉस्कोतली फेरी आम्हाला परकी कशी वाटावी? पण आमचा बडग्या रस्त्यावर निघतो. बुल्गाकोव्हला आपला टेबलाच्या खणात ठेवावा लागला. १९२८च्या सुमारास लिहायला घेतलेली कादंबरी त्याने १९३० साली स्वतःच्या हाताने स्टोव्हमध्ये जाळली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिली. भित्रेपणाला या पुस्तकात सर्वांत मोठं पाप म्हटलंय. येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताची ती पानं वाचताना मला कापरं भरतं, कारण लिहिणारा त्या भीतीत रोज राहत होता.

१९४०च्या मार्चमध्ये तो गेला. शेवटच्या महिन्यांत दिसेनासं झालं होतं. त्याची बायको येलेना सेर्गेयेव्हना उशाशी बसून हस्तलिखित वाचायची, तो दुरुस्त्या सांगायचा आणि ती उतरवून घ्यायची. छापून येण्याची काडीचीही आशा नव्हती. तरी तो तिला थांबवायचा, आणि एखादा शब्द बदलायला लावायचा.